आईच्या वयाची गोधडी

आई बावन्न वर्षं, चार महिने आणि अकरा दिवस जगली. ती गेली त्याच आठवड्यात मी हा हिशोब करून ठेवला होता. रात्री झोप लागत नव्हती, हाताशी कॅलेंडर होतं, आणि काहीतरी मोजल्याशिवाय मन थाऱ्यावर येत नव्हतं. दिवस भरले १९,१२६. तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि वही कपाटात टाकून दिली.

माझी पन्नाशी घरच्यांनी हौसेनं साजरी केली. मलाही बरं वाटलं, नाही असं नाही. पण मनात खूण करून ठेवलेली तारीख दुसरीच होती. ज्या दिवशी मी आईपेक्षा एका दिवसानं मोठी होणार होते, ती. त्या दिवसाला नाव नाही. वाढदिवस म्हणावा तर नाही, पुण्यतिथी म्हणावी तर तीही नाही. कुणाला सांगायचं तर सुरुवात कुठून करायची?

एकदा फोनवर दादाला विचारलं, "तू आईच्या वयाचा कधी झालास, लक्षात आहे का रे तुझ्या?" तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मला वाटलं, म्हणेल, काय डोक्यात घेऊन बसलीस. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आहे ना. त्या दिवशी ऑफिसातून दुपारीच घरी आलो होतो. बरं वाटत नाही असं सांगून." अडीच वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. पुढं आम्ही त्यावर काहीच बोललो नाही. त्याच्या मुलांच्या परीक्षांकडे विषय वळला.

फोन ठेवल्यावर मी कपाटातून ती वही काढली आणि आकडे पुन्हा मांडले. मांडता मांडता एक गोष्ट दिसली, जी इतक्या वर्षांत कधी लक्षात आली नव्हती. माझ्या जन्माच्या वेळी आई साडेतेवीस वर्षांची होती. म्हणजे साडेतेवीस वर्षं ती माझ्याशिवाय जगली. आणि ज्या दिवशी मी तिच्या वयाची होणार, त्या दिवशी तिला जाऊन नेमकी तेवढीच, साडेतेवीस वर्षं झालेली असणार. हा काही योगायोग नव्हे, साधं गणित आहे. कुणाच्याही बाबतीत हे असंच जुळतं. आईला तुमच्याशिवाय जितके दिवस मिळाले, तितकेच दिवस तिच्यामागं तुम्ही जगलात की तुमचं वय तिच्या वयाला येऊन भिडतं. मी तीनदा बेरीज करून पाहिली. वही मांडीवर उघडी ठेवून बराच वेळ बसून राहिले. त्या रात्री गोधडीचं ठरलं.

गोधडीच का, असं लेकीनं विचारलं होतं. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता सांगते. गोधडीत थर असतात. वरचा दिसतो, खालचा अंगाला लागतो, मधला कुणालाच दिसत नाही. तिन्ही एकमेकांवर नुसते पडून असतात, टाका पडेपर्यंत त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. तिचं आयुष्य आणि माझं आयुष्य मला असंच एकावर एक ठेवून बघायचं होतं.

वरच्या थरासाठी माझ्या प्रत्येक वर्षाचा एक चौकोन, असं धरलं. बावन्न पुरी वर्षं आणि चालू असलेलं त्रेपन्नावं. त्रेपन्न चौकोन काही केल्या आयतात बसत नाहीत. चोपन्न बसतात, सहा गुणिले नऊ. आठ इंची चौकोन धरला तर अठ्ठेचाळीस बाय बाहत्तर इंच. भोवती तीन इंचांची पट्टी लावली की चोपन्न बाय अठ्ठ्याहत्तर, म्हणजे साडेचार फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. एका माणसाला पायापासून मानेपर्यंत पुरेल एवढी. मापाचा विचार करताना अमेरिकेतल्या एड्स स्मृती गोधडीची आठवण आली. ऑक्टोबर १९८७ मध्ये ती पहिल्यांदा वॉशिंग्टनमध्ये उघड्या मैदानावर पसरली तेव्हा तिच्यात १,९२० फलक होते. प्रत्येक फलक एका गेलेल्या माणसाचा, तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढा. हे पहिल्यांदा वाचलं होतं तेव्हा अंगावर काटा आला होता. आता स्वतः मेजरिंग टेप घेऊन फरशीवर खुणा करताना कळलं, माणसाला पुरेल एवढं कापड मापायला बसलं की तोच आकार समोर येतो.

मग कापडं शोधायला लागले, आणि तिथं खरी अडचण आली. बावन्न वर्षांची बावन्न कापडं कुणाकडे असतात? लहानपणचं एक झबलं होतं, शाळेच्या गणवेशाचा बाही फाटलेला सदरा होता, कॉलेजातली एक ओढणी, लेक पोटात असताना घातलेला ढगळ कुर्ता. बाकी जे हाती लागलं ते सगळं समारंभातलं. जपून ठेवलेलं, घड्या मोडू नयेत म्हणून कागदात गुंडाळलेलं, दोनदा-तीनदा अंगाला लागलेलं. जी कापडं मी रोज घातली, ज्यांच्यात मी खऱ्या अर्थानं जगले, त्यातलं एकही उरलं नव्हतं. ती विरली, त्यांची फडकी झाली, फडक्यांची पायपुसणी झाली आणि एके दिवशी ती फेकली गेली. जास्त वापरलेलं आधी संपतं, हे कळत होतं. पण सणासुदीच्या कापडांचा ढीग समोर बघून वाईट वाटलं. यातून जी बाई उभी राहील ती मी नव्हेच, असं वाटलं.

अलाबामात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ पासून मोठमोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. त्यात मिसूरी पेटवे यांची १९४२ ची एक गोधडी आहे. नवरा वारल्यावर त्यांनी त्याच्या कामाच्या कपड्यांची ती शिवली. शेतात घातलेल्या विजारी, सदरे, उन्हानं विटलेली निळी-करडी कापडं. त्याची आठवण राहावी आणि मायेनं ते पांघरून झोपता यावं म्हणून आईनं ती केली, असं त्यांच्या मुलीनं पुढं सांगितलं. त्या गोधडीचं चित्र मी कितीतरी वेळा पाहिलंय. त्या बाईंनी जपून ठेवलेलं कापड घेतलं नाही, झिजलेलं घेतलं. मला तेच हवं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

शेवटी ज्या वर्षांचं कापड नाही, तिथं साधा मांजरपाट लावायचा असं ठरवलं. अशी सतरा वर्षं निघाली. ती रिकामी दिसतील अशी भीती होती. पण मांजरपाटाचा न धुतलेला पिवळसर रंग, त्यातले बारीक काळे ठिपके, हे सगळं शेजारच्या भडक रंगांना शांत करत गेलं. आता गोधडी उलगडली की डोळा आधी त्या चौकोनांवरच टेकतो.

आईची दोन सुती पातळं माझ्याकडे होती. ती मधल्या थराला घालायची, दिसणार नाहीत अशी. मधला थर ऊब धरतो. ऊब मुळात कापडाची नसतेच, थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेची असते. जुनं सुती कापड इतक्यांदा धुतलेलं असतं की त्यातली खळ केव्हाच निघून गेलेली असते, आता ते आणखी आटणारही नसतं. त्यामुळे आत ते बिनतक्रार बसतं. टाके फार दाट घातले तर हवेला जागा उरत नाही, गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. फार विरळ घातले तर धुताना आतला थर सरकून गोळा होतो. बोटाबोटाच्या अंतरावर ओळी, एवढं पुरतं.

पातळं उन्हाला धरून फाटकं-विटकं बघत होते, तेव्हा एका ठिकाणी उजेड अडला. जवळ घेऊन बघितलं तर रफू. करंगळीच्या नखाएवढं. पांढऱ्या कापडावर फिकट पिवळ्या दोऱ्यानं केलेलं, कारण त्या वेळी हाताशी तेच रीळ असणार. उभे धागे आधी भरलेले, मग आडवे एक सोडून एक खालून-वरून नेलेले, एखाद्या बारक्या चटईसारखे. एका कोपऱ्यात दोन धागे चुकून शेजारी शेजारी वर आले होते. तिथं तिचं लक्ष उडालं असेल. कुणी हाक मारली असेल. कदाचित मीच. मी त्या दोन धाग्यांवरून कितीदा बोट फिरवलं ते सांगता येणार नाही. तिचा फोटो आहे, अक्षर आहे, पण तिचा हात असा दुसरीकडे कुठंच उरलेला नाही.

हे मधल्या थरात लपवणं शक्यच नव्हतं. कात्री लावायला दोन दिवस घेतले. तो तुकडा त्रेपन्नाव्या चौकोनात गेला. चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा, म्हणून चौकोनाचा तिसरा हिस्सा तिच्या पातळाचा आणि उरलेला माझ्या रोजच्या कुर्त्याचा. तो कुर्ता मी तेव्हा घालतच होते. घालता घालताच कापला. चोपन्नावा चौकोन पुन्हा मांजरपाट.

जोडणी सगळी हातानं केली. साडेआठ इंचांचे तुकडे कापायचे, चारी बाजूंनी पाव इंच आत खडूची रेघ मारायची आणि रेघेवरून धावदोरा. उरेब कापड असेल तर ते ओढलं जाऊन लांबतं, म्हणून उभा धागा बघून कापायचं. एवढी काळजी घेऊनही मी चुकलेच. पहिल्या दोन रांगा शिवताना मी रेघेवरून न शिवता रेघेच्या आतल्या कडेनं शिवत गेले. खडू बोथट होता, रेघ जाड. फरक किती, तर अर्ध सूत. पण दोन तुकड्यांची अर्धी अर्धी मिळून एका शिवणीत एक सूत खाल्लं जातं, आणि नऊ चौकोनांच्या रांगेत आठ शिवणी असतात. आठ सुतांचा एक इंच. पुढं खडूला टोक काढलं आणि रांगा बरोबर आल्या. बाहत्तर इंचांच्या चार रांगा आणि एकाहत्तर इंचांच्या दोन, त्या जोडायच्या कशा? ओढून ताणून बसवता आल्या असत्या, पण मग कुठंतरी फुगा आलाच असता. सोळा शिवणी उसवणं आलं.

आणि ती तारीख नेमकी त्याच आठवड्यात होती. त्या दिवशी सकाळी काहीतरी करीन, निदान पहाटे उठून शांत बसेन, असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात मी अकरा वाजता खिडकीपाशी बसून उसवत होते. दर चौथा टाका कापायचा, मग दुसऱ्या बाजूनं दोरा ओढायचा. नीट जमलं तर तो अख्खा निघून येतो, नागमोडी, शिवणीचा आकार धरून. कापडावर भोकांची रांग राहते. ओलं बोट फिरवून नखानं घासलं की धागे पुन्हा जवळ येतात आणि भोकं बुजतात. सातव्या शिवणीवर घड्याळ बघितलं तेव्हा दोन वाजून गेले होते. म्हटलं, झालं. आता मी तिच्यापेक्षा मोठी. मांडीवर दोऱ्याचे तुकडे पडले होते. आठवी शिवण उसवायला घेतली.

रांगा जुळल्या, पट्ट्या लागल्या. खालच्या कोपऱ्यात काहीतरी लिहावं असं पहिल्यापासून मनात होतं. व्हरमाँटच्या जेन स्टिकल यांनी त्यांच्या गोधडीच्या कोपऱ्यात तीनच गोष्टी भरून ठेवल्या आहेत. युद्धाच्या काळात, १८६३. तुकडे ५,६०२. आणि स्वतःचं नाव. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. त्याबद्दल एक अक्षर जास्त नाही. तुकडे किती ते मात्र मोजून लिहिलेलं. मला त्या बाई फार जवळच्या वाटतात. माझ्या कोपऱ्यात लिहिलंय, तुकडे ५९, दिवस १९,१२६. खाली दोन नावं.

नंतर तिन्ही थर फरशीवर अंथरून कच्चे टाके घातले. खरं तर गोधडी मधून बाहेर शिवत जावी, म्हणजे सळ कडेला निघून जातात. पण मला कडेपासूनच सुरुवात करायची होती, म्हणून कच्चे टाके जवळजवळ, चार चार बोटांवर घातले. कारण हिशोब केला होता. अठ्ठ्याहत्तर इंचांची ओळ, इंचाला पाच टाके, म्हणजे एका ओळीत तीनशे नव्वद. एक टाका एक दिवस धरला तर एका ओळीत आईचे साधारण तेरा महिने. इंचा-इंचावर ओळी घातल्या तर त्रेपन्न ओळी होतात, आणि तिचे दिवस एकोणपन्नासावी ओळ संपते तिथंच, अवघ्या सोळा टाक्यांच्या फरकानं, संपतात. हे मी जुळवून आणलं नव्हतं, माप आधीच ठरलेलं होतं. शेवटच्या चार ओळी तिच्या पलीकडच्या.

हातभर दोरा घ्यायचा. त्याहून लांब घेतला तर कापडातून पुन्हा पुन्हा जाताना तो झिजतो, पिळा पडतो, गुंता होतो. मेणावरून एकदा ओढायचा, गाठ मारून ती हलक्या झटक्यानं आतल्या थरात ओढून घ्यायची, म्हणजे ती कुणाला दिसत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान. सुईवर तीन-चार टाके घेतले की एकदम ओढायची. एका ओळीला पाऊण तास लागायचा, कधी तास.

शिवताना मी तिच्या आयुष्यातून चालत होते. पाचव्या ओळीत ती साडेचार-पाच वर्षांची. तिच्या लहानपणाबद्दल मला किती कमी ठाऊक आहे, हे तिथं लक्षात आलं. एका झाडावरून पडली होती, हनुवटीवर खूण होती. एका बहिणीशी वर्षभर अबोला होता. पहिल्या बावीस ओळींत सांगण्यासारखं माझ्याकडे बस् इतकंच होतं. ८,५८० टाके, आणि त्यातले बहुतेक दिवस मला आंधळे. ती त्या दिवसांत कुणाची आई नव्हती. ती काय बघून हसायची, कशाला घाबरायची, रात्री कशाचा विचार करत झोपी जायची, विचारलंच नाही मी कधी. बाविसावी ओळ संपली तिथं माझा जन्म होता. त्या ओळीच्या शेवटी सुई अडवून ठेवली आणि त्या रात्री पुढं शिवलं नाही.

त्या बावीस ओळी आणि तिच्यामागची माझी साडेतेवीस वर्षं एकाच लांबीची. वरच्या थरात तेविसावं वर्ष, खाली आईचा तेविसावा दिवस, असं काही जुळत नाही, टाके आडवेतिडवे माझ्या सगळ्या वर्षांवरून जातात. माझ्या लग्नाच्या चौकोनातून तिचं बालपण जातं. लेकीच्या जन्माच्या चौकोनात तिची शाळा. मी जन्मले नव्हते तेव्हाचे तिचे दिवस, ती नाही अशा माझ्या दिवसांमधून आरपार गेलेत.

चाळिसाव्या ओळीनंतर मी हळू शिवायला लागले. दिवसाला अर्धी ओळ. मग एक आठवडा काहीच नाही. कुणी विचारलं तर बोट दुखतंय म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. एकोणपन्नासावी ओळ आली की काय करायचं ते ठरवलं होतं. त्या शेवटच्या टाक्यापाशी थांबायचं, दोरा तोडायचा, उठून दादाला फोन करायचा.

एका रविवारी दुपारी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. नव्या घरमालकिणीशी काहीतरी बिनसलं होतं, ते पहिल्यापासून सांगायचं होतं तिला. मी फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला आणि शिवता शिवता ऐकत राहिले. मधून मधून हं, हं करत होते, एक-दोनदा चिडलेसुद्धा तिच्या बाजूनं. दोरा संपला, दुसरा ओवला, तो संपला, आणखी एक ओवला. ती बोलत होती आणि बरंच काही सांगायचं राहिलं होतं. किती शिवलं ते बघायला मान वर केली तेव्हा सुई पट्टीच्या कडेला आली होती.

ओळी मोजल्या. एक्कावन्न.

पुन्हा मोजल्या, या कडेकडून. एक्कावन्नच. बोट ठेवत मागं गेले. एकोणपन्नासावी कुठली, पन्नासावी कुठली, नुसतं बघून सांगता येत नव्हतं. सगळे टाके सारखेच पडलेले. थोडे वाकडे, जिथं जिथं मला हसू आलं असेल किंवा राग आला असेल तिथं जरा लांब. त्या दोन ओळींमधल्या जागेवर तळहात ठेवला. कापड मऊ होतं, थोडंसं कोमट, मांडीवर इतका वेळ असल्यामुळं.

"आई? ऐकतेयस ना?"

"हो गं," मी म्हटलं, "बोल. मग काय म्हणाली ती?"

आणि हातभर दोरा तोडून बावन्नावी ओळ घेतली.